ध्रुपद धरणारी माणसं

पाटण, जावळी, खटाव, शिराळा, जुन्नर, आंबेगाव. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना गाव विचारलं, की याच तालुक्यांची नावं फिरून फिरून कानावर येतात. कांदा-बटाटा, फळं, भाजीपाला, धान्य आणि मसाला अशा पाच बाजारांच्या या पसाऱ्यात सातारा, सांगली, पुण्याकडच्या माणसांच्या पिढ्या राबल्या आहेत. गावाहून येताना त्यांनी आपली गाणीही बरोबर आणली. हरिपाठ, अभंग, गौळण, भारूड, पोवाडा, जागरणातली पदं असा तो ऐवज आहे.

या सगळ्या गाण्यांचा एक गुण समान आहे. ती एकट्याने म्हणायची नाहीतच. एक जण पुढे होतो, बाकीचे मागून उचलतात, आणि ज्याला एकही चरण पाठ नाही त्यालाही दुसऱ्या फेरीपासून सामील होता येतं. गाण्याची तालीम कधीच न घेतलेली पन्नास-शंभर माणसं एका ठेक्यात, एका सुरात कशी गातात? थोडं श्रेय त्यांच्या गळ्याला आहे. पण मोठं श्रेय आहे ते गाण्याच्या बांधणीला.

बावीस अक्षरांचा हिशेब

मोठ्या अभंगाच्या एका चौकात चार तुकडे असतात. पहिल्या तीन तुकड्यांत सहा-सहा अक्षरं आणि शेवटच्या तुकड्यात चार, अशी एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे असतात आणि त्यांच्या शेवटी यमक येतं. लघू-गुरूचा काच इथे नाही. अक्षर आखूड असो वा लांब, मोजताना ते एकच. त्यामुळे एखादी चाल एका अभंगाला बसली, की त्याच मापाच्या इतर शेकडो अभंगांना ती चालते. चार-पाच चाली गळ्यावर चढलेल्या माणसाला अख्खी गाथा गाण्याचा रस्ता मोकळा होतो.

यमकही इथे नुसतं सजावटीसाठी येत नाही. दुसरा तुकडा संपला, की तिसऱ्याचा शेवट कोणत्या ध्वनीने होणार हे कान आधीच ओळखतो आणि विसरलेला शब्द जिभेवर येतो. चार अक्षरांचा शेवटचा तुकडा लवकर आटोपतो. ठेक्यात उरलेल्या जागेत पुढच्याला सूर लांबवता येतो आणि मागच्यांना श्वास घेऊन तयार व्हायला सवड मिळते. ज्या काळात गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या काळात ही रचना शेकडो वर्षं तोंडातोंडी टिकली. त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

आता भजन प्रत्यक्ष कसं उभं राहतं ते जवळून पाहू. कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत. तिथे एकादशीला किंवा एखाद्या घरच्या सत्यनारायणाला भजन बसतं. पेटीवर बुवा, बाजूला पखवाज किंवा तबला, आणि समोरासमोर दोन रांगांत टाळकरी. आधी नामाचा गजर होतो. मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, पुढे प्रसंगाप्रमाणे इतर अभंग, रात्र चढल्यावर गौळण, आणि शेवटी आरती किंवा पसायदान. हा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे पुढे काय येणार हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

बुवा अभंगाचं ध्रुपद, म्हणजे प्रत्येक चरणानंतर परत येणारी ओळ, पहिल्यांदा सावकाश, जवळजवळ ठेक्याशिवाय म्हणतो. या वेळी पखवाजी फक्त ऐकत असतो. दुसऱ्यांदा तेच ध्रुपद येतं तेव्हा आठ मात्रांचा भजनी ठेका सुरू होतो आणि टाळ पडू लागतात. तिसऱ्यांदा समोरची रांग ते उचलते. यानंतर बुवा एकेक चरण म्हणतो, आणि प्रत्येक चरणानंतर सगळे मिळून ध्रुपद धरतात. चरण माहीत असलेले चार जण पुरेत. ध्रुपद तोवर खोलीतल्या प्रत्येकाला येऊ लागलेलं असतं. बुवाची पट्टी उंच असते. ज्याचा आवाज तिथे पोचत नाही तो खालच्या सप्तकात तेच म्हणतो, आणि त्या खालच्या आवाजामुळे गाण्याला भरदारपणा येतो. शेवटाकडे लय वाढते, पखवाजी दुगुनीत जातो आणि अभंग गजरात मिसळतो. लहान मुलं या रांगेच्या टोकाला बसतात. त्यांच्या हाती आधी टाळ दिला जातो. शब्द कळायच्या आधी ठेका हाताला लागतो, आणि शब्द मग आपोआप मागून येतात.

कामाच्या लयीतून

गाण्याची ही वाटणी देवळात जन्मली असं समजणं चुकीचं ठरेल. शेतात ज्वारीची कापणी चालली असताना गडी रांगेने पुढे सरकत भलरी म्हणायचे. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. विळ्याचा हात त्या लयीवर पडायचा, रांग मागे-पुढे होत नसे आणि पाठीचा ताण थोडा विसरला जायचा. विहिरीवर बैलांची मोट चालायची त्या काळात मोटेची गाणी होती. मोट वर येण्याचा आणि खाली जाण्याचा वेळ त्या गाण्याची लांबी ठरवायचा. जड वस्तू हलवताना हमालांचा जो हाकारा ऐकू येतो, तो याच कुळातला. एकाची हाक आणि सगळ्यांचा हुंकार. जोर एकाच क्षणी लागावा यासाठी ती वेळेची खूण असते. माणसं वेगवेगळ्या क्षणी जोर लावतील तर दहा जणांची ताकद दोघांएवढीही कामी येत नाही.

बायकांचं गाणं जात्यावर होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या, आणि एकीच्या ओवीला दुसरी साथ करायची. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीसारख्या डोंगरी भागापासून सुरुवात करून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७पासून 'पारी' म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. जातं घरातून गेलं तरी त्या ओव्या आज ऐकायला मिळतात, त्या या कामामुळे. भलरी आणि मोटेच्या गाण्यांचा एवढा मोठा संग्रह मात्र झाला नाही.

वारीची शिस्तही याच मातीतली आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचं दिंड्यांचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर साताऱ्याजवळच्या आरफळचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी हा सोहळा सुरू केला. दिंडीत वीणेकरी, पखवाजी आणि टाळकरी यांच्या जागा ठरलेल्या असतात. वाटेत कुणीही दिंडीत शिरावं आणि चार पावलं चालून त्याच अभंगाचं ध्रुपद धरावं, अशी ती व्यवस्था आहे. साताऱ्याकडचा कामगार मुंबईला आला तेव्हा हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

मुंबईत त्याला जागा मिळाली ती चाळीतल्या एकेका खोलीत. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारी माणसं असायची. एका गावाचे लोक एकत्र राहत असल्यामुळे गावचं भजनी मंडळही तिथे पुन्हा उभं राहिलं. लालबाग-परळच्या गिरणगावात आणि मशीद बंदर, दाणाबंदरच्या गोदी-गोदामांच्या भागात हे चित्र सारखंच होतं. १९५३मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाने पुढे कामगारांच्या भजन स्पर्धा भरवल्या, आणि चाळीतली मंडळं रंगमंचावर आली.

बाजार खाडीपलीकडे गेला तशी माणसंही गेली. १९८१मध्ये कांदा-बटाट्याचा व्यापार मुंबईतून वाशीला हलला. मग धान्य आणि मसाल्याचे बाजार आले, आणि १९९६मध्ये क्रॉफर्ड मार्केटची घाऊक फळं आणि भायखळ्याची घाऊक भाजी इकडे आली. माथाडी कामगाराला त्याआधीच कायद्याचं संरक्षण मिळालं होतं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. टोळीची नोंद, माथाडी मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी त्यातून आल्या. मजुरी ठरलेली आणि घर हक्काचं झाल्यावर कोपरखैरण्याच्या खोलीत बायको-मुलांसह राहणं शक्य झालं. एकट्या पुरुषांचं भजन तेव्हापासून कुटुंबाचं झालं. आज अशा वसाहतींत महिलांची हरिपाठ मंडळंही दिसतात.

गाव सोडलेल्यांची गाणी

भक्तीची गाणी एका बाजूला, तर गाव सुटल्याची गाणी दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या प्रकारातलं सर्वांत मोठं नाव अण्णाभाऊ साठे यांचं. वाटेगावात १९२०मध्ये जन्मलेले अण्णाभाऊ आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. १९४४मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं केलं. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा-सभांतून गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कासावीस होतो, तिचं रूप आठवतो, शहराची बेफिकिरी सांगतो. मग गाणं वळण घेतं, आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची ताटातूट त्या विरहाशी जोडली जाते. समोर बसलेल्या हजारो गिरणी कामगारांना आणि हमालांना पहिलं दुःख स्वतःचं होतं, म्हणून दुसरं समजावून सांगावं लागलं नाही.

अण्णाभाऊंच्या आधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. त्यांची लावणी शहराच्या झगमगाटाने दिपलेली आहे. अण्णाभाऊंनी त्याच नावाने स्वतःची 'मुंबईची लावणी' लिहिली, आणि त्याच शहराचं दारिद्र्य समोर मांडलं. दोन्ही रचनाकार आजच्या वाळवा तालुक्यातल्या गावांतले. एकाच टापूतली ही दोन माणसं मुंबईकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे या दोन लावण्या शेजारी ठेवल्या की लक्षात येतं.

शाहिरी गाण्यातही मागच्यांची जागा पक्की आहे. शाहीर ओळ सोडतो तेव्हा डफ-तुणतुण्यावरचे साथीदार झील, म्हणजे मागून धरायची ओळ, उचलतात. शाहिराला दम घ्यायला, पुढची ओळ आठवायला आणि श्रोत्यांचा कल पाहायला त्यामुळे वेळ मिळतो. झील इतकी सोपी असते, की ती साथीदारांपुरती राहत नाही. सभाच ती धरते. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी हे तंत्र हजारोंच्या मैदानी कार्यक्रमांत वापरलं. राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांच्या आवाजात घराघरांत पोचलं. २०२३मध्ये ते राज्यगीत झालं. त्याची चाल सांघिक गायनाला सोयीची आहे, म्हणून शाळेच्या मैदानावर शेकडो मुलं ते एकदम म्हणू शकतात.

कॅसेटच्या काळात या साऱ्याला नवं बळ मिळालं. प्रल्हाद शिंदे यांचा खडा, रानात घुमावा तसा आवाज ट्रकच्या केबिनपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे वाजू लागला. दत्ता पाटील यांनी लिहिलेलं 'पाऊले चालती' हे त्यांचं गाणं ऐकणारा कधी गाणारा झाला ते कळतही नाही. शब्द सोपे, चाल चालण्याच्या लयीची, आणि ध्रुपद थोड्या थोड्या वेळाने परत येणारं. आज ते रेकॉर्डिंगची नक्कल म्हणून नाही, तर पारंपरिक गाण्यासारखं भजनात म्हटलं जातं.

गाव सोडलेल्यांची अशी गाणी फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. आयर्लंडच्या खेड्यांतूनही अशीच माणसं आणि अशीच गाणी बाहेर पडली. १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख लोक मेले आणि जवळपास तितकेच देश सोडून गेले. पुढच्या पिढ्यांतले आयरिश मजूर लंडनच्या रस्त्यांवर, बोगद्यांवर आणि इमारतींवर राबले, आणि क्रिकलवुडच्या गॅल्टीमोरसारख्या नाचघरांत शनिवारी रात्री गावाकडची गाणी म्हणायला जमले. पीट सेंट जॉन यांनी १९७९मध्ये लिहिलेलं 'द फील्ड्स ऑफ अॅथेनराय' हे गाणं दुष्काळात पोरांसाठी धान्य चोरून काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाचं आहे. आज रग्बी आणि फुटबॉलच्या मैदानांवर हजारो प्रेक्षक ते एकसुरात गातात. 'द वाइल्ड रोव्हर' या जुन्या गाण्याच्या ध्रुपदात टाळ्यांची जागाच ठरलेली आहे. शब्द न येणाराही टाळी देऊन गाण्यात येतो. आपल्या भजनात पोराच्या हाती टाळ देतात, त्याचीच ही तिकडची तऱ्हा. शेत सोडून शहरात मजुरी करायला गेलेल्या माणसांना जगात जिथे तिथे अशीच गाणी लागली आहेत. विरहाचा विषय आणि सगळ्यांना धरता येणारं ध्रुपद या दोन गोष्टी दोन्हीकडे सापडतात.

बाजाराखालची गावं

एपीएमसी मार्केट ज्या जमिनीवर उभं आहे, तिथलीही गाणी आहेत. सिडकोची स्थापना १९७०मध्ये झाली. त्याआधी तुर्भे, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे ही आगरी-कोळ्यांची गावं होती. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी हे त्यांचं जगणं. या गावांतलं लग्न धवल्याशिवाय पुरं होत नसे. धवलारीण म्हणजे हे विधी गाऊन पार पाडणारी अनुभवी बाई. मांडव घालणं, देवांना आवतण, हळद, तेलवण, अशा प्रत्येक विधीचा वेगळा धवला तिला तोंडपाठ असतो. ती ओळ म्हणते, साथीच्या बाया तीच ओळ पुन्हा उचलतात, आणि विधी संपेपर्यंत गाणं लांबवलं जातं. हळद लावायला पाच बायका असोत की पंचवीस, गाणं तितकं पुरतं. यात गाणारणीचं कसब आहे: कुणाचं नाव कुठे गुंफायचं, कुठे थांबायचं, विधी रेंगाळला तर कोणती कडवी वाढवायची.

लग्नात बायकांनी धवळे गाण्याची रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. साहित्याच्या इतिहासात ज्या रचनाप्रकाराचा मान एवढा मोठा आहे, तो तुर्भ्याच्या मांडवात अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरात होता. त्याच्या जोडीला कोळीगीतं आहेत. नाचता-नाचता म्हणायची, ठसकेबाज आणि ध्रुपदावर सगळ्यांना खेचणारी. विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी आणि वेसावच्या मंडळींनी ती महाराष्ट्रभर नेली.

घाटावरून आलेला माथाडी आणि इथला आगरी यांची गाणी वेगळी, बोली वेगळ्या. पण आगरी गावांत वारकरी परंपरा घट्ट रुजलेली आहे, आणि अखंड हरिनाम सप्ताहाच्या मांडवात ही दोन्ही माणसं शेजारी बसू शकतात. हरिपाठाचे अभंग पाटणला जे, तेच कोपरखैरण्याला. चाल थोडी बदलते, आणि चार ओळींत ती जुळूनही जाते.

पुढे काय

आता अडचण आहे ती मागच्यांच्या जागेची. हळदीच्या रात्री मोठ्या स्पीकरवर तयार ट्रॅक लागतो तेव्हा ध्रुपदही यंत्रच म्हणतं. माणसांना नाचायला मिळतं, पण गायला मिळत नाही. आवाज इतका मोठा असतो, की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग एकाने ओळ टाकायची आणि दुसऱ्याने धरायची हा व्यवहारच थांबतो. धवलारणींपैकी बऱ्याच जणी आता म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांच्या मागे बसून शिकणाऱ्या मुली कमी आहेत. भजनाची स्थिती त्यामानाने बरी आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७मध्ये आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून आणि तिच्यासारख्या इतर ठिकाणांहून गायन-पखवाज शिकलेली तरुण मुलं दरवर्षी बाहेर पडतात. नवी मुंबईच्या मंडळांना त्यामुळे पखवाजी मिळतात, बुवा मिळतात.

भलरी आणि धवल्याला असा आधार हवा आहे, आणि तो देण्याची सोय याच बाजारात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या जयंतीला, २५ सप्टेंबरला, कांदा-बटाटा मार्केटच्या लिलावगृहात माथाडी मेळावा भरतो. हजारो कामगार एका छपराखाली येतात, त्यात अनेक तालुक्यांतले, जुनी गाणी येणारे वयस्क गडीही असतात. त्याच छपराखाली वर्षातून एक रात्र टोळ्या-टोळ्यांच्या भजनाला, भलरीला आणि आसपासच्या गावांतल्या धवलारणींना द्यावी. स्पर्धेतले नंबर बाजूला ठेवून प्रत्येक गाणं गाव, गाणारा आणि कामाचा प्रसंग यांच्या नोंदीसह ध्वनिमुद्रित करावं. जात्यावरच्या ओव्यांचं हे काम महाराष्ट्रात झालेलं आहे, त्याची पद्धत तयार आहे. भलरी म्हणत कापणी केलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत, त्यामुळे ही नोंद येत्या काही वर्षांतच व्हायला हवी.